ईयोबाचे मित्र आणि आपण

दुःखितांचे सांत्वन करणे हे ख्रिस्तसभेने सांगितलेल्या सात आध्यात्मिक दयाकृत्यांपैकी एक आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ही यादी आपण सर्वांनी लहानपणी पाठ केली. सांत्वन करावे, एवढे ती यादी सांगते. ते कसे करावे आणि कसे करू नये, हे तीत नाही. त्यासाठी जुन्या करारातील ‘ईयोब’ हा संपूर्ण ग्रंथ आपल्या हाती आहे. मात्र त्याचे आपले वाचन बहुधा दोन टोकांपुरते असते. आरंभीचे दोन अध्याय आपल्याला ठाऊक असतात : गुरेढोरे, चाकर आणि दहा मुले गमावूनही देवाला धन्य म्हणणारा ईयोब. शेवटचा अध्यायही ठाऊक असतो : सारे वैभव दुपटीने परत मिळालेला ईयोब. मधले एकोणचाळीस अध्याय मात्र आपण ओलांडून जातो. अंत्यविधीच्या प्रवचनात पहिल्या अध्यायातले एक वचन उचलले की ईयोबाचे काम संपते. प्रस्तुत लेखाचा हेतू त्या मधल्या अध्यायांकडे, विशेषतः ईयोबाच्या मित्रांकडे, वाचकांचे लक्ष वेधण्याचा आहे. हा ग्रंथ दुःखाविषयी जितका आहे, तितकाच दुःखिताशी कसे बोलावे याविषयीही आहे, असे मला वाटते.

मराठी वाचकाला या ग्रंथाकडे जाण्यासाठी एक जवळची वाट आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये राहून संपूर्ण बायबलचे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठीत भाषांतर केले. खेड्यातल्या साध्या बाईला ते कळावे, हा त्यांचा कटाक्ष होता. हे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. ईयोबाचे बोल मराठीत आणणाऱ्या या स्त्रीने काय काय सोसले होते, हे ध्यानात घ्यावे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळी भटकंतीत आईवडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले, आणि १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा गेली. त्यानंतर वर्षाच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी स्वतः देह ठेवला. त्यांचा संप्रदाय आपल्याहून वेगळा होता. पण ईयोबाच्या ग्रंथावर बोलण्याचा अधिकार त्यांच्याइतका फार थोड्यांना असेल. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. दुष्काळ का पडला, याचे स्पष्टीकरण त्या मुलींना देण्यापेक्षा त्यांना घरी आणणे त्यांना महत्त्वाचे वाटले.

आता ग्रंथाकडे वळू. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र आपापल्या गावाहून निघतात, ते वाईट हेतूने नव्हे. लांबून पाहताना मित्र ओळखू येत नाही, तेव्हा ते मोठ्याने रडतात, कपडे फाडतात, डोक्यावर धूळ उडवतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. कोणी एक शब्दही काढत नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे, हे त्यांना दिसते. संपूर्ण ग्रंथात मित्रांचे सर्वांत उत्तम वर्तन तेच. आपल्याकडे दुखवट्याला गेलेली माणसे ओसरीवर नुसती बसून राहतात. शिकलेल्यांना तो वेळेचा अपव्यय वाटतो. पवित्र ग्रंथाचा अभिप्राय तसा नाही.

बिघडते ते तोंड उघडल्यावर. ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि मित्रांना तो ऐकवत नाही. अलीफज प्रथम सौम्यपणे बोलतो, रात्री पडलेल्या दृष्टान्ताचा हवाला देतो, निष्पाप माणूस कधी नाश पावला आहे काय, असे विचारतो. बिल्दद पुढे जाऊन सुचवतो की मुलांनी पाप केले म्हणूनच ती मेली. दहा मुले पुरलेल्या बापाला हे ऐकवताना आपण देवाची बाजू मांडत आहोत, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. सोफर म्हणतो, तुझ्या अपराधाच्या मानाने ही शिक्षा कमीच आहे. आणि बाविसाव्या अध्यायात तोच सौम्य अलीफज थेट आरोप करतो : तू तान्हेल्याला पाणी दिले नाहीस, विधवांना रिकाम्या हाताने परत पाठवलेस. यातले काहीही घडलेले नाही, हे वाचकाला पहिल्याच अध्यायापासून ठाऊक आहे. अलीफजाचा सिद्धान्त पक्का होता. वस्तुस्थिती त्यात बसेना, तेव्हा त्याने सिद्धान्त न सोडता वस्तुस्थितीच बदलली. ग्रंथकाराची ही मानसशास्त्रीय जाण आजच्या कादंबरीकारालाही हेवा वाटावा अशी आहे.

रचनेतही ग्रंथकाराने आपला निवाडा सूचित केला आहे. संवादाच्या तीन फेऱ्या आहेत. पहिल्या दोन फेऱ्यांत तिघेही बोलतात. तिसऱ्या फेरीत बिल्ददाचे भाषण सहा ओव्यांइतके आखूड होते आणि सोफर बोलतच नाही. ईयोबाचे बोलणे मात्र वाढत जाते. पाठ केलेली उत्तरे संपतात. दुःख संपत नाही. अखेरीस परमेश्वर वादळातून बोलतो, तेव्हा तोही दुःखाचे कारण सांगत नाही. पण एक निर्णय तो स्पष्ट देतो : आपल्या बाजूने बोलणाऱ्या तिघा मित्रांवर त्याचा कोप होतो, आणि त्याच्याशी भांडणारा ईयोब योग्य बोलला असे तो सांगतो. मित्रांची क्षमा व्हावी म्हणून प्रार्थना करायची, तीही ईयोबानेच. सांत्वन करणाऱ्या प्रत्येकाने, आणि आम्हा धर्मगुरूंनी अगोदर, ज्याची धास्ती घ्यावी असा हा निर्णय आहे.

या थोर ग्रंथातही एक उणीव जाणवते. दहा मुले ईयोबाच्या पत्नीचीही होती. तिच्याजवळ मात्र सात दिवस कोणी बसले नाही. हिब्रू संहितेत तिला एकच कडवट वाक्य मिळते आणि शेवटच्या अध्यायात तिचा उल्लेखही नाही. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांना ही उणीव खटकली असावी. ‘सप्तती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या भाषांतरात तिचे बोलणे विस्ताराने येते : आपण मोलकरणीसारख्या गावोगाव, घरोघर फिरतो आहोत आणि कष्टांतून सुटका व्हावी म्हणून सूर्य मावळण्याची वाट पाहतो आहोत, असे ती सांगते.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासारच्या परिसरात हे वाचताना ती स्त्री परकी वाटत नाही. सिंदफणेच्या काठचा हा तालुका ऊसतोड मजुरांचा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड बांधून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. बाई आजारी पडली तर खाडा धरला जातो आणि पैसे कापले जातात. २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अशा एखाद्या तिशीतल्या मैत्रिणीजवळ बसून ‘देवाची इच्छा, बाई’ असे म्हणणे म्हणजे काय करणे? जे मुकादमाच्या हिशेबाने, दवाखान्याच्या लोभाने आणि आपल्या सर्वांच्या बेफिकिरीने घडले, ते देवाच्या नावावर मांडणे. बिल्ददाने हेच केले होते.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. मराठवाड्यात कर्जाने आणि नापिकीने खचलेल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. अशा घरी जाणाऱ्या ख्रिस्ती मित्राच्या मनात जुना धाक असतो : हे महापाप, याला क्षमा नाही. १९१७ च्या धर्मविधिसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्तसभेचा दफनविधी नाकारला जाई, हे खरे. परंतु १९८३ च्या संहितेतील तशा यादीतून आत्महत्या वगळली गेली. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की तीव्र मानसिक यातना किंवा भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये, आणि ख्रिस्तसभा त्याच्यासाठी प्रार्थना करते. स्वतःच्या जिवाला देवाची देणगी मानण्याची शिकवण तीच राहिली आहे. पण मृताच्या अंतःकरणाचा निवाडा ख्रिस्तसभेने देवावर सोपवला आहे. ही गोष्ट त्या विधवेला कोणीतरी सांगायला हवी. येथे मौन पुरेसे नाही. तिच्या मनातल्या भीतीला ख्रिस्तसभेच्या नावाने उत्तर देणे, हे मित्राचे काम आहे.

यावर कोणी म्हणेल, मग दुःखिताजवळ श्रद्धेचे शब्द काढायचेच नाहीत काय? तसे नव्हे. प्रश्न आहे तो श्रद्धा कोणाकडे मागायची हा. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या चौथ्या खंडात तरुणपणीच्या मित्राच्या मृत्यूची हकीकत सांगितली आहे. देवाची आशा धर, असे ते स्वतःच्या जिवाला बजावत, आणि जीव ऐकत नसे. गमावलेला मित्र त्याला अधिक खरा वाटे. त्यांना पुन्हा उभे केले ते इतर मित्रांच्या सहवासाने. एकत्र बोलणे, हसणे, पुस्तके वाचणे, एवढेच त्यात होते. संत थॉमस अक्विनास दुःखावरचे उपाय सांगताना अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, एवढेच नव्हे तर झोप आणि स्नान यांचाही समावेश करतात. मित्रामुळे दुःख का हलके होते, याची ते दोन कारणे देतात. ओझ्याला दुसऱ्याचा हात लागल्यासारखे वाटते, हे पहिले. आपल्यावर कोणी प्रेम करते हे दुःखिताला दिसते, हे दुसरे. आणि दुसरे कारण अधिक चांगले, असे ते म्हणतात.

ईयोबाचे देवाशी भांडणे मराठी मनाला तर अपरिचित नसावे. सतराव्या शतकातल्या भीषण दुष्काळात पत्नी आणि मुलगा गमावलेले तुकोबा विठोबाशी भांडले म्हणून त्यांना कोणी अभक्त ठरवले नाही. भांडण त्याच्याशीच होते, ज्याचे अस्तित्व मानलेले असते. बेथानीच्या मार्थेनेही प्रभूला बोल लावला : तू येथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. प्रभूने तिला रागावले नाही. मार्थेशी पुनरुत्थानाविषयी बोलणारा तोच प्रभू थोड्या वेळाने मरियेला रडताना पाहून स्वतः रडला. परमगुरू संत जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर प्रबोधनपत्र लिहिले. प्राणघातक गोळ्या झेलून त्यांना तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. ईयोबाचे दुःख ही शिक्षा नव्हे, हे त्यांनी त्यात ठामपणे मांडले आणि शेवटी वाचकाला दयाळू शोमरोन्यापाशी, म्हणजे वाटेत थांबणाऱ्या माणसापाशी, आणून सोडले.

ईयोबाच्या तीन मित्रांसमोर मला मार्कच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायातले चौघे ठेवावेसे वाटतात. पक्षाघाती माणसाला बाजेसकट घेऊन ते येतात. दाराशी गर्दी असते, म्हणून छप्पर उकरून त्याला प्रभूसमोर खाली सोडतात. मराठवाड्यातल्या वाचकाला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. आपल्या जुन्या घरांचे मातीचे माळवद तसेच असते, त्यावर चढता येते आणि ते उकरताही येते. शुभवर्तमानकार पुढे लिहितो की प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला. आजारी माणसाच्या विश्वासाविषयी तेथे एक अक्षर नाही. त्याच्यात विश्वास उरला होता की नाही, हे कोणी विचारलेही नाही. ज्याला स्वतःला प्रार्थना करवत नाही, त्याच्यासाठी मित्रांचा विश्वास चालतो. म्हणून दुःखी मित्राला ‘श्रद्धा ठेव’ असे सांगण्याऐवजी काही काळ आपली श्रद्धा त्याच्या वतीने वाहावी. त्याच्या घरी बसून जपमाळ आपण म्हणावी, त्याला नुसते ऐकू द्यावे. मिस्सेत त्याचे नाव आपण घ्यावे. तो देवावर रागावला तर देवाची वकिली करू नये. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे ‘शांतिवन’ चालवतात. ऊसतोड मजुरांची, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची, अनाथ अशी मुले तेथे राहतात आणि शिकतात. बाज उचलणारे हात असे असतात, आणि ते आपल्याच मंडळीतले असतात असे नाही, हे नम्रपणे मान्य करावे.

ईयोबाच्या शेवटच्या अध्यायातले अकरावे वचन आपण घाईत वाचतो. वैभव परत आल्यावर त्याचे भाऊ, बहिणी आणि पूर्वीचे ओळखीचे लोक त्याच्या घरी येतात, त्याच्याबरोबर जेवतात, त्याच्यासाठी हळहळतात आणि प्रत्येक जण एक नाणे व एक सोन्याची अंगठी देऊन जातो. ग्रंथकार येथे सांत्वन हाच शब्द वापरतो. एकूणचाळीस अध्यायांच्या वादानंतर सांत्वन घडते ते पंगतीत आणि ओंजळीत ठेवलेल्या पैशांत. ज्या घरी मृत्यू झाला तेथे चूल पेटत नाही, म्हणून शेजारी कडू घास घेऊन जातात. आपल्या गावांनी हे शहाणपण फार पूर्वीपासून जपले आहे. येत्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामात कोणाच्या दारावर जायचे असेल, तर प्रवचन घरी ठेवून भाकरी बरोबर न्यावी. आणि तेथे ईयोबाची पत्नी आतल्या खोलीत एकटी बसली असेल, तर एखाद्या बाईने उठून तिच्याजवळ जाऊन बसावे.