भिडेचा होकार आणि फिरते न्यायालय

ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीवरील मूळनिवासी, म्हणजेच ॲबोरिजिनल, समाजाच्या चित्रणाचा विचार करताना समीक्षक बहुधा दोनच गोष्टी तपासतात : पडद्यावर कोण आहे आणि कॅमेऱ्यामागे कोण आहे. पडद्यावरचा माणूस कोणत्या भाषेत बोलतो आणि त्याचे बोलणे समोरच्याला खरोखर कळते का, हा तिसरा प्रश्न मागे राहतो. न्यायालयीन नाट्यात मात्र तोच कळीचा असतो, आणि म्हणूनच जुलै २००७ मध्ये एसबीएस वाहिनीवर सुरू झालेली ‘द सर्किट’ ही मालिका आजही बारकाईने पाहण्याजोगी आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे काळाबरोबर पुष्कळ सुधारली. १९७२च्या ‘बोनी’ या मालिकेत मिश्र वंशाच्या ॲबोरिजिनल गुप्तहेराची भूमिका जेम्स लॉरेन्सन या न्यूझीलंडच्या गोऱ्या नटाने केली होती. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १९८१ साली, योर्टा योर्टा समाजातील हायलस मॅरिस यांनी सोनिया बोर्ग यांच्यासह लिहिलेली ‘विमेन ऑफ द सन’ ही चार भागांची मालिका आली आणि तिच्या पहिल्या भागात ॲबोरिजिनल पात्रे आपल्याच भाषेत बोलली, प्रेक्षकाला उपशीर्षके वाचावी लागली. ही धिटाई पुढच्या काळात टिकली नाही, हे खेदाने नोंदवावे लागते.

‘द सर्किट’ घडते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील किंबर्ली या प्रदेशात. महाराष्ट्राहून मोठ्या, सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटरच्या या मुलखात विरळ वस्ती असल्यामुळे न्यायालयच लोकांकडे जाते. दंडाधिकारी, सरकारी पक्ष, बचावाचे वकील आणि कर्मचारी असा सगळा लवाजमा ठराविक दिवसांनी दूरदूरच्या वस्त्यांवर फिरतो आणि मिळेल त्या जागी कामकाज चालवतो. मालिकेतला हा फेरा पाच दिवसांचा आणि दोन हजार किलोमीटरचा आहे. ॲरन पेडरसन यांनी साकारलेला ड्रू एलिस हा पर्थमध्ये स्थिरावलेला ॲबोरिजिनल वकील मूळनिवासींच्या कायदेसाहाय्य संस्थेत रुजू होतो आणि आपल्याच लोकांत परका ठरतो. गॅरी स्वीट यांचा दंडाधिकारी लॉकहार्ट हा खलनायक नाही, आणि मालिकेचे मोठे बळ याच निवडीत आहे. भला माणूस न्यायासनावर बसूनही न्याय का होत नाही, हे तिला दाखवायचे आहे. प्रक्षेपणाच्या अवघ्या काही आठवडे आधी, जून २००७ मध्ये, केंद्र सरकारने शेजारच्या नॉर्दर्न टेरिटरीतील मूळनिवासी वस्त्यांवर आणीबाणीचे उपाय लादले होते, त्यामुळे या वस्त्या तेव्हा देशभर केवळ बातमीचा विषय झाल्या होत्या; अशा वेळी तशाच वस्त्यांतल्या माणसांना नाव, विनोद आणि हट्ट देणे हे मोलाचे काम होते.

तरीही ही मालिका तिसऱ्या प्रश्नाच्या उंबरठ्यावरच थांबते. इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा असलेला साक्षीदार अधिकाऱ्याच्या प्रश्नाला, अर्थ कळो न कळो, ‘हो’ म्हणतो. ‘तू तिथे होतास ना?’ याला हो, आणि थोड्या वेळाने ‘तू तिथे नव्हतास ना?’ यालाही हो. भाषावैज्ञानिकांनी या वर्तनाचा सविस्तर अभ्यास केला आहे, आणि मराठीत त्याला भिडेखातर दिलेला होकार म्हणता येईल. प्रश्नानंतरची शांतता ही अनेक मूळनिवासी समाजांत विचारासाठी घेतलेली रीतसर सवड असते, पण उलटतपासणीत तीच लपवाछपवी ठरते. क्रिऑल, म्हणजे इंग्रजी आणि स्थानिक भाषांच्या संपर्कातून घडलेली उत्तरेकडची बोली, हिच्यात ‘किलिम’ या शब्दाचा अर्थ मारहाण करणे एवढाच असू शकतो. इंग्रजी कानाला मात्र तो खुनाचा कबुलीजबाब वाटतो. नॉर्दर्न टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ सालीच ‘अनुंगा’ नियमांद्वारे पोलिसी चौकशीत दुभाषा हवा आणि उत्तर सुचवणारे प्रश्न नकोत असे बजावले होते, म्हणजे हा धोका कायद्याला ठाऊक होता. इतके भेदक नाट्य हाताशी असताना ‘द सर्किट’ बहुतांशी इंग्रजीत बोलते आणि ड्रूच्या घरगुती ताणांकडे वारंवार वळते. केल्टन पेल यांनी रंगवलेला न्यायालयातला मध्यस्थ सॅम वॉलन हा दोन्ही जगांना ओळखणारा एकमेव माणूस आहे. कथेचे केंद्र त्याच्याकडे जायला हवे होते.

पुढच्या काळात ‘रेडफर्न नाऊ’ (२०१२) या मालिकेने सिडनीतील मूळनिवासींचे जीवन त्यांच्याच लेखक-दिग्दर्शकांच्या हाती सोपवले, आणि ‘मिस्टरी रोड’च्या २०१८ मधील दूरचित्रवाणी आवृत्तीत पेडरसनच पोलीस अधिकारी होऊन परतले. तिचे छायाचित्रण देखणे आणि अभिनय संयत आहे, पण न्यायालयाकडून गुप्तहेरीकडे झालेले हे स्थलांतर विषयाला हानिकारक ठरले, कारण गुप्तहेराची कथा गुन्हेगार सापडला की संपते आणि आरोपीची कथा तिथून सुरू होते. मूळनिवासींच्या कोठडीतील ९९ मृत्यूंची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या. त्यानंतर तीन दशके उलटूनही, लोकसंख्येत चार टक्क्यांहून कमी असलेल्या या समाजाचा कैद्यांतील वाटा एक तृतीयांशाच्या आसपास आहे. गुप्तहेरीच्या साच्यात हे वास्तव मावत नाही.

ऑस्ट्रेलियन वाहिन्यांकडे आज तयारीचे मूळनिवासी लेखक, दिग्दर्शक आणि नट आहेत, त्यामुळे माणसे नाहीत ही सबब उरलेली नाही. त्यांनी पुन्हा त्या फिरत्या न्यायालयात जावे, दुभाष्याला नायक करावे, साक्षी क्रिऑल आणि किंबर्लीतील वॉलमाजारीसारख्या भाषांत होऊ द्याव्यात, आणि उपशीर्षके वाचण्याचे कष्ट या वेळी इंग्रजी प्रेक्षकाला घेऊ द्यावेत.