मूळ चित्र आणि मूळ आठवण

वृत्तपत्रांतून रोज छापून येणाऱ्या चित्रपट्ट्यांची मूळ रेखाटने विकत घेण्याचा छंद अमेरिकेत बराच जुना आहे. २०१२ साली बिल वॉटरसन यांच्या ‘केल्विन अँड हॉब्ज’मधील एक रविवारचे चित्र, त्यांनी स्वतः हाताने रंगविलेले, लिलावात दोन लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेले. संग्राहकांस कारण विचारावे, तर बहुधा एकच उत्तर मिळते : बालपण. हे उत्तर मला पुरते पटत नाही.

ज्यांचे बालपण साठ-सत्तरच्या दशकांतील भोपाळात गेले, त्यांच्यापुरते बोलू. आपल्या घरांत चित्रकथा आली ती मुख्यतः ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाच्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. ली फॉक यांचा ‘फँटम’ १९३६ पासून अमेरिकेतील वृत्तपत्रांत येत होता; तो मराठीत वेताळ झाला आणि हिंदीत वेताल. हिंदी अंक नाक्यावर मिळे, मराठी अंक पुण्या-नागपूरचा पाहुणा आणील तेव्हा. एकाच आळीत ‘ल’ आणि ‘ळ’ असे दोघेही नांदत असत!

परंतु इंद्रजालने नुसते भाषांतर केले नाही. वृत्तपत्रातील आडव्या पट्ट्या कापून उभी पाने रचली, पृष्ठसंख्येत बसावे म्हणून चौकटी गाळल्या. ‘बंगाला’ हे नाव आपल्या बंगालच्या फार जवळ जाणारे. ते ‘डेंकाली’ झाले. मुखपृष्ठे तर येथलीच, त्यांतली कितीतरी बी. गोविंद यांच्या कुंचल्याची.

आता एखाद्या साठीतल्या गृहस्थाने साय बॅरी यांनी रेखाटलेली फँटमची दैनिक पट्टी मिळविली, असे समजा. हाती येईल तो जाड कागदाचा, छापील पट्टीहून मोठा, निव्वळ काळ्या शाईचा आणि इंग्रजी संवादांचा तुकडा. त्यात रंग नाहीत, डेंकाली नाही. ‘ळ’ तर नाहीच. हा कागद त्याने बालपणी कधी पाहिलेला नव्हता. ज्याला तो ‘मूळ’ म्हणतो ते चित्राचे मूळ आहे. त्याच्या आठवणीचे मूळ किलोच्या भावाने रद्दीत गेलेल्या त्या पातळ अंकांत होते.

यावरून मूळ रेखाटने कवडीमोलाची ठरत नाहीत. निळ्या पेन्सिलीची पूर्वरेखा, पांढऱ्या रंगाखाली झाकलेली चूक, वरून चिकटविलेली चौकट हे सारे तेथेच दिसते. ज्याने सरकारी नस्त्या हाताळल्या आहेत त्याला हा भेद समजावून सांगावा लागत नाही : जावक झालेला आदेश स्वच्छ असतो, विचार टिपणीवरच्या खाडाखोडीत असतो. रेषेच्या अभ्यासकाने मूळ चित्र जरूर घ्यावे. मात्र ते रेषेसाठी घ्यावे, बालपणाच्या नावावर नव्हे.

दुसरी अडचण ‘चिंटू’च्या बाबतीत जाणवते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही पट्टी १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागली. वाडेकर २०१३ मध्ये गेले. कल्पना दोघांच्या, रेषा पंडितांची. चित्राच्या मूळ कागदावर वाडेकरांचा हात शोधून सापडायचा नाही. तो सापडतो रोजच्या क्रमात, आज-उद्याच्या सलगतेत. दैनिक पट्टीतला एक दिवस सुटा काढून चौकटीत बसविला की निम्मा लेखक गळतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बिल ब्लॅकबिअर्ड यांनी वेगळा मार्ग धरला होता. ग्रंथालये मायक्रोफिल्म करून वृत्तपत्रांचे बांधीव खंड काढून टाकू लागली, तेव्हा त्यांनी ते खंडच जमविले आणि त्यांतील पट्ट्या क्रमवार लावल्या. पुढे तो संग्रह मालमोटारी भरभरून ओहायो राज्य विद्यापीठात गेला. मला हा संग्राहक अधिक प्रामाणिक वाटतो, कारण वाचकाने जे वाचले तेच त्याने राखले.

आमच्या बाग सेवनियात घर विकून मुलांकडे जाणारी कुटुंबे आता वाढली आहेत. माळ्यावरच्या पेट्या उघडतात, ‘धर्मयुग’चे गठ्ठे निघतात, आणि त्यांत आबिद सुरतींचा ढब्बूजी दबलेला असतो. ताजवा पुढे येण्यापूर्वी हे गठ्ठे मंडळाच्या ग्रंथालयात आणून द्यावेत, ही विनंती. अंक फाटके असले, मुखपृष्ठ गेलेले असले, पानावर पेन्सिलीने मालकाचे नाव आणि इयत्ता लिहिलेली असली, तरी चालेल.