हृदयाची ‘विद्युत्-प्रतिमा’ : एका संज्ञेची चिकित्सा

शास्त्रीय संज्ञेने वस्तूचा निर्देश करावा, एवढेच पुरेसे नसते. त्या वस्तूचे ज्ञान कोणत्या मार्गाने झाले याविषयी तिने भ्रम उत्पन्न करू नये, हेही तितकेच अगत्याचे असते. शरीरात कोणतेही साधन न घालता हृदयाच्या विद्युत्-व्यापाराचे जे चित्र आज सिद्ध करतात, त्यास ‘प्रतिमा’ म्हणावे काय, हा प्रश्न या दृष्टीने विचारार्ह आहे.

१८८७ मध्ये ऑगस्टस वॉलर याने लंडन येथे मानवी हृदयाच्या विद्युत्-व्यापाराची नोंद त्वचेवरून प्रथम घेतली. तिच्या प्रगत रूपास पुढे ‘विद्युत्-हृद्‌लेख’ हे नाव मिळाले. ते यथार्थ होते. कारण जे मोजले तेच लिहिले गेले. नव्या पद्धतीचे तसे नाही. योराम रूडी व त्यांचे सहकारी यांनी २००४ मध्ये मानवी हृदयाविषयीचे जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत धडावरील २०० हून अधिक विद्युत्-अग्रांनी विद्युत्-दाब मोजला होता, आणि हृदय व धड यांची आकृती सीटी स्कॅनवरून घेतली होती. हृदयाच्या पृष्ठावरील दाब मात्र मोजलेला नव्हता. तो गणिताने काढलेला होता.

हे गणित कार्यावरून कारणाकडे जाणारे आहे. वाहक पदार्थाच्या पृष्ठावरील मोजमापांवरून आतील विद्युत्-स्रोत एकमेव रीतीने ठरविता येत नाहीत, हे हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखविले होते. केवळ हृदयाच्या पृष्ठावरील दाबच शोधावयाचा, अशी मर्यादा घातल्यास उत्तर तत्त्वतः एकच उरते. परंतु ते इतके अस्थिर असते की, मोजमापातील अल्प दोषही त्यात अनेकपट वाढतो. म्हणून उत्तर फार खडबडीत नसावे, असे एक गृहीत आधीच घालावे लागते. अर्थात चित्रातील सौम्यपणा काही अंशी हृदयाचा, तर काही अंशी गृहीताचा असतो. न्यायशास्त्राच्या भाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान होय.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. बोर्दो येथील संशोधकांनी २०१९ मध्ये ५९ रुग्णांत अशा चित्रांची तुलना हृदयाला प्रत्यक्ष स्पर्श करून घेतलेल्या नोंदींशी केली, तेव्हा दोहोंतील मेळ एकंदरीने क्षीण आढळला. उलटपक्षी, २०१७ मध्ये सेंट लुइस येथे पाच रुग्णांच्या घातक हृद्‌गतिविकारावर बाहेरून किरणोपचार झाला, तो याच पद्धतीच्या साह्याने लक्ष्य निश्चित करून. आणि त्यांच्या विकाराचे झटके पुष्कळ कमी झाले. मात्र तेथे विद्युत्-चित्रास हृदयातील व्रणाच्या स्वतंत्र चित्रणाची जोड होती. अनुमानाला दुसऱ्या प्रमाणाचा आधार मिळाला होता, हे विसरता कामा नये.

यास्तव या पद्धतीचे मोल मान्य करूनही ‘प्रतिमा’ ही संज्ञा सदोष ठरते. प्रतिमा पाहणारा तिच्या गृहीतांविषयी सहसा प्रश्न विचारीत नाही; ‘अनुमानचित्र’ हा शब्द मात्र तो प्रश्न विचारावयास लावतो. ज्या चित्राच्या आधारे जिवंत हृदयावर किरण रोखावयाचे, त्याच्या नावात इतकी सावधगिरी असणे अवश्य आहे.