दफनाचा नकार

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यातील नऊ मृत दहशतवाद्यांना बडा कब्रस्तानात जागा द्यायला मुस्लिम जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. आपल्याकडे हा प्रसंग 'मवाळ' मुसलमानांच्या देशनिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जातो. मला हे वाचन उथळ वाटते. मृताचे दफन हे इस्लाममध्ये साऱ्या समाजावरचे कर्तव्य. तेच नाकारण्यात मवाळ ते काय? (टिळक-गोखल्यांच्या काळातला हा शब्द इथे तोकडाच पडतो.) निरपराधांना मारणारे मुसलमानच नव्हेत, असे विश्वस्तांचे म्हणणे. निवाडा धर्माच्या आतून, धर्माच्याच भाषेत झाला. सरकारी परिपत्रकाला ते साधले नसते. मात्र माणसाला धर्माबाहेर ठरवण्याचे, 'तकफीर'चे हत्यार अतिरेकीही वापरतात, ही अडचण उरतेच. प्रेते वर्षभर जे. जे. रुग्णालयात होती; जानेवारी २०१०मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली.