‘इंदूर पद्धत’ आणि इंदूरची जमीन

अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांचं ‘द वेस्ट प्रॉडक्ट्स ऑफ ॲग्रिकल्चर’ हे १९३१चं पुस्तक कंपोस्ट खतावरचं म्हणून जगभर वाचलं गेलं. आपण इंदूरकरांनी मात्र ते एका शेताची बखर म्हणून वाचायला हवं.

१९२४ साली इथे संशोधन संस्था निघाली, तिला होळकर दरबारानं जमीन दिली. पुस्तकातलं सगळं त्याच जमिनीवरचं आहे: काळी माती, शेण, राख, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती. कपाशीच्या पऱ्हाट्या टणक, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, गाड्यांच्या चाकांनी चिरडू द्यायच्या. असली युक्ती प्रयोगशाळेत बसून सुचत नाही! भाषा रुक्ष, पण हिशेब चोख. खटकतं एवढंच की मुखपृष्ठावर नावं दोन, आणि लोकांच्या लक्षात राहिले एकटे हॉवर्ड.

१९३५ मध्ये गांधीजी हे काम बघून गेले. आज तिथे कृषी महाविद्यालय आहे आणि चहूबाजूंनी शहर. ही जमीन दुसऱ्या कामाला देण्याच्या हालचालींविरुद्ध २०२२ मध्ये विद्यार्थी आंदोलनाला बसले होते.

वारसा म्हटलं की आपल्याला राजवाडा, छत्र्या, लालबाग आठवतात. मोकळं शेत दिसलं की ‘रिकामी जागा’ वाटते. पण हे पुस्तक नीट वाचलं तर कळतं, इथे जपायची वस्तू इमारत नव्हे, माती आहे. तिथे एखादी पाटी लावून भागणार नाही. नांगर चालू राहिला तरच हा वारसा.