शत्रूचे आवाहन : ‘टेरारिया’तील घडीव डोळा आणि त्र्यंबोलीचा कोहळा

कथनात्मक वाङ्मयात प्रतिनायकाचा प्रवेश हा बहुधा नायकाच्या इच्छेबाहेरचा असतो. रावण पंचवटीत येतो, कीचक विराटाच्या राजवाड्यात द्रौपदीच्या वाटेत उभा राहतो. नायकपक्षाने त्यांना बोलावलेले नसते. व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ साली रशियन अद्भुतकथांची जी रूपमीमांसा मांडली, तीत खलपात्राचे दोन प्रवेश नोंदविले आहेत. पहिल्या वेळी ते बाहेरून अवचित येते. दुसऱ्या वेळी नायक त्याचा शोध घेत त्याच्यापाशी पोचतो. या दोन्ही प्रवेशांमागे एक समान गृहीत आहे. शत्रू कथाविश्वात आधीपासून आहे आणि त्याच्या असण्याची जबाबदारी नायकावर नाही. नायकाचे नैतिक निर्दोषत्व मुख्यतः या गृहीतावरच उभे असते.

गेल्या दीड दशकात लोकप्रिय झालेल्या ‘सँडबॉक्स’ प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये या दोहोंहून वेगळा असा तिसरा प्रवेश रूढ झाला आहे. येथे नायक, म्हणजेच खेळाडू, शत्रूला पाचारण करणारी वस्तू स्वतःच्या हातांनी घडवतो. ‘री-लॉजिक’ या अमेरिकी संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेला ‘टेरारिया’ हा या रीतीचा ठळक नमुना होय. रात्री आकाशात भिरभिरणारे राक्षसी डोळे मारावेत, त्यांच्यापासून अधूनमधून मिळणारी भिंगे साठवावीत, अशी ६ भिंगे जमली की ‘डीमन ऑल्टर’ या वेदीपाशी जाऊन त्यांचा एक संशयास्पद दिसणारा डोळा बनवावा आणि रात्रीच्या वेळी तो वापरावा, अशी येथील पद्धत आहे. वस्तू खर्ची पडते आणि ‘आय ऑफ कथुलू’ हा अजस्र डोळा प्रकट होतो. उजाडेपर्यंत त्याचा पराभव झाला नाही, तर तो निघून जातो. केलेली घडण वाया जाते.

ही केवळ यांत्रिक सोय आहे, तिच्यात वाङ्मयीन अर्थ शोधणे व्यर्थ आहे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु ज्या कृतींच्या क्रमातून एखादा अनुभव आकार घेतो, तो क्रम हाच त्या अनुभवाचा घाट असतो. हा क्रम नीट पाहिला, तर त्यातील कोणताही तपशील निरर्थक नाही असे दिसते. वेदी खेळाडूला स्वतः उभारता येत नाही; ती जगात जिथे असेल तिथे शोधावी लागते. घर, भट्टी, ऐरण हे सारे तो आपल्या वस्तीत आणून मांडू शकतो. शत्रूला बोलावण्याची जागा मात्र त्याला आपल्या अंगणात आणता येत नाही. शिवाय सामग्री शत्रूच्याच कुळातली आहे. मोठा डोळा बोलावण्यासाठी लहान डोळ्यांची भिंगे लागतात. ‘ईटर ऑफ वर्ल्ड्स’ या महाकाय अळीसाठी सडके मांसखंड १५ आणि विषारी भुकटी ३० लागते. त्यांतून आमिष तयार होते आणि ते दूषित प्रदेशातच उपयोगी पडते. म्हणजे ही वस्तू मागील कथनाचा सारांश असते. किती रात्री जागल्या, किती लहान झुंजी जिंकल्या, कोणत्या प्रदेशात पाय ठेवला, हे सारे तिच्यात साठलेले असते.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत या रचनेचे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. वीररसाचा स्थायिभाव उत्साह. ज्याला जिंकायचे तो प्रतिपक्षी हा त्याचा आलंबनविभाव. परंपरागत कथेत हे आलंबन नायकाला मिळते. तो ते निर्माण करीत नाही. ‘टेरारिया’त नायक आपले आलंबन स्वतः सिद्ध करतो. परिणामी उत्साहाचे स्थानही बदलते. तो युद्धप्रसंगी उसळून येणारा भाव राहत नाही; सामग्री जमविण्याच्या दीर्घ, कंटाळवाण्या काळात तो मुरत जातो. पाचवे भिंग हाती आल्यावर सहाव्याची वाट पाहणारा खेळाडू लढत नसतो; तरीही वीररसाची खरी तयारी त्याच वेळी चाललेली असते. युद्ध हा त्या तयारीचा केवळ उघड झालेला भाग असतो.

खेळाडू पुरेसा बलवान झाल्यावर हाच अजस्र डोळा एखाद्या रात्री न बोलावताही येऊ शकतो. या तपशिलामुळे आवाहनाला धार येते. शत्रू येणारच आहे. प्रश्न एवढाच, की तो आपल्या वेळेने येणार की त्याच्या. वस्तू घडविणे म्हणजे वेळेची निवड आपल्याकडे घेणे. आणि वेळ निवडणारा परिणामांचाही धनी होतो. शत्रू अवचित आला असता, तर हरलेला खेळाडू दैवाला बोल लावू शकला असता. स्वतः घडविलेल्या डोळ्याने बोलावल्यावर ती सवलत उरत नाही.

शत्रूला ठरवून उभे करण्याची ही कल्पना मराठी संस्कृतीला नवी नाही. कोल्हापुरात तिचे एक जुने रूप दरवर्षी आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललितापंचमीला, प्रत्यक्षात येते. त्या दिवशी अंबाबाईची पालखी शहराच्या पूर्वेकडील त्र्यंबोली टेकडीवर, लोकांच्या बोलीत टेंबलाईला, जाते. तेथे कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा भेदला जातो. स्थलकथेनुसार देवीने कोल्हासुराचा वध केला. शहराच्या नावात त्या असुराचे नाव राहिले. पुढे त्याच्या मुलाने, कामाक्षाने, योगदंडाच्या बळावर देवीसह देवांना शेळ्यामेंढ्या करून टाकले, तेव्हा त्र्यंबोलीने त्यांची सुटका केली. परंतु विजयोत्सवाला तिला बोलवायचेच राहून गेले. ती रुसून टेकडीवर जाऊन बसली. तिची समजूत काढण्यासाठी देवी लवाजम्यासह तिच्या भेटीला जाते आणि कोल्हासुराचा वध कोहळ्याच्या रूपाने तिच्यासमोर पुन्हा घडवून दाखवते.

यात्रा आणि गेम यांना एका पंक्तीला बसविणे भाविकाला रुचणार नाही. विधी हा भाविकाच्या दृष्टीने खेळ नसतो, हे मान्यच केले पाहिजे. योहान हायझिंगा यांनी १९३८ साली क्रीडा आणि विधी यांचे सख्य दाखविले, तेही विधीचे गांभीर्य नाकारण्यासाठी नव्हे. प्रस्तुत तुलनेचा हेतू मर्यादित आहे. जो शत्रू समोर नाही त्याला वस्तूच्या साहाय्याने समोर आणणे, ही रचना दोन्हीकडे आहे. तेव्हा त्या वस्तूत काय भरले जाते, एवढेच पाहायचे आहे.

पहिला भेद वस्तू आणि शत्रू यांच्या नात्याचा. कोहळा हे असुराचे प्रतिरूप आहे. त्याचे गरगरीत आकारमान आणि नावातील नादसादृश्य यांच्या बळावर तो असुराच्या जागी बसतो. कोहळा भेदला की वध संपन्न होतो. वस्तू फुटल्यावर कोणी प्रकट होत नाही. भिंगांपासून घडलेला डोळा मात्र सादृश्यावर थांबत नाही. आकाराने तो शत्रूसारखा आहेच, पण द्रव्याने त्याच्या गोत्राचा अंशही आहे. सादृश्य आणि अंशांशिभाव असे दोन्ही संबंध त्यात एकवटले आहेत. म्हणूनच तो शत्रूच्या जागी बसत नाही, शत्रूला आणतो. विधीत वस्तू हा कथेचा अंत असतो, गेममध्ये ती कथेचा आरंभ असते.

दुसरा भेद पुनरावृत्तीचा. कोहळ्याला तिथीचे बंधन आहे. वर्षातून एकदाच असुर उभा राहतो आणि पडतो. मधल्या काळात त्याला बोलावण्याची मुभा कोणाला नाही. गेममध्ये सामग्री असेल तितक्या रात्री आवाहन करता येते. पहिल्या खेपेस जो डोळा भय निर्माण करतो, तो दहाव्या खेपेस धातूची खाण होतो. खेळाडूंच्या परिभाषेत याला ‘फार्मिंग’ म्हणतात, आणि तो शब्द अन्वर्थक आहे. शत्रू येथे पिकविला आणि कापला जातो. कोहळ्याच्या तुकड्यांसाठीही टेकडीवर झुंबड उडते, तेव्हा लाभाची आस तेथे नाही असे नाही. परंतु तो तुकडा कोणी एकट्याने मारलेल्या शत्रूची लूट नसतो. तो सर्वांदेखत झालेल्या वधातला वाटा असतो.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. कोल्हापूरच्या विधीमागे एक विसर आहे. जिने सोडविले तिलाच बोलवायचे राहिले, म्हणून असुर पुन्हा उभा करावा लागतो. शत्रूचे आवाहन हे वस्तुतः दुरावलेल्या सखीच्या आमंत्रणाचे निमित्त आहे. भिंगांच्या डोळ्यामागे असे कोणतेही नाते नाही. त्यात श्रम आहेत, ऋण नाही.

येथे ‘टेरारिया’ची बाजू एका ठिकाणी अनपेक्षितपणे भक्कम होते. खेळाच्या आरंभापासून खेळाडूसोबत ‘गाइड’ नावाचे एक पात्र असते. कोणत्या सामग्रीपासून काय घडवता येते, हे तोच सांगतो. घडण्याची सारी विद्या त्याच्याकडून येते. पूर्वार्धाच्या शेवटचा शत्रू, ‘वॉल ऑफ फ्लेश’, मात्र घडविलेल्या वस्तूने येत नाही. पाताळात एका राक्षसाकडून मिळणारी गाइडची बाहुली लाव्हात टाकावी लागते. बाहुली जळते, गाइड मरतो आणि मग भिंत चालून येते. ती पडल्यावर जग बदलते, अधिक कठीण होते. ज्याने कृती शिकविल्या, त्याच्याच मृत्यूने हा उंबरठा ओलांडला जातो. आणि त्यासाठीची वस्तू त्याने शिकविलेल्या कोणत्याही कृतीत बसत नाही. श्रमाने जे घडविता येते त्याची सीमा रचनेने येथे नेमकी आखली आहे.

तरीही ही आखणी शेवटपर्यंत निभावली जात नाही. रिकामे घर असले की काही काळाने वेगळ्या नावाचा दुसरा गाइड राहायला येतो आणि पूर्ववत कृती सांगू लागतो. गेलेल्याची जागा भरून निघते; त्याच्या जाण्याबद्दल कोणी रुसत नाही. त्र्यंबोलीच्या कथेत नेमके उलट आहे. तेथे कोणाची जागा दुसऱ्याने भरून निघत नाही, म्हणून तर देवीला दरवर्षी टेकडी चढावी लागते. गेमने शत्रूच्या येण्याची जबाबदारी नायकावर टाकण्याचे धाडस केले, हे त्याचे वाङ्मयीन यश मानले पाहिजे. परंतु त्या जबाबदारीची आठवण ठेवणारे कोणीही त्याने आपल्या विश्वात ठेवले नाही. या प्रकारच्या कृतींची समीक्षा करताना शत्रू किती भव्य आहे यापेक्षा त्याला बोलावताना काय खर्ची पडले, आणि ते कोणाच्या लक्षात राहिले, हा निकष अधिक उपयुक्त ठरेल.