अस्सल काच आणि खरी हकीकत

जुन्या कागदांची पारख करतांना संशोधक दोन प्रश्न निरनिराळे ठेवतो. कागद अस्सल आहे काय, हा पहिला. आणि त्यांत लिहिलेली हकीकत खरी आहे काय, हा दुसरा. अक्षर, शिक्का, मोर्तब व मिति हीं पटलीं म्हणजे पहिल्याचा निकाल लागतो. दुसऱ्याचा लागत नाहीं. अस्सल पत्राचा लेखकहि धन्यास खूष करण्यासाठीं लढाईची फुगीर बातमी लिहूं शकतो. छायाचित्रापुढें मात्र हा विवेक पुष्कळदां सुटतो. काचेवर खाडाखोड आढळली नाहीं कीं तीवरील देखावा खरा, असें धरून चालण्यांत येतें. ही समजूत किती फसवी आहे, हें छायाचित्रणाच्या पहिल्या वीस वर्षांतील तीन उदाहरणांवरून दिसून येईल.

ऑस्कर रेलॅंडर यानें १८५७ सालीं मॅंचेस्टरच्या कलाप्रदर्शनांत ‘जीवनाचे दोन मार्ग’ हें चित्र मांडलें. तीसाहून अधिक काचांचे ठसे जोडून तें सिद्ध केलें होतें. त्यांतील प्रसंग तसा कधींच घडला नव्हता. कृत्रिमतेबद्दल त्याजवर टीका झाली. राणी व्हिक्टोरियानें मात्र त्याची प्रत विकत घेतली. १८५८ सालीं लंडनच्या छायाचित्रण-संस्थेपुढें रेलॅंडरनें आपली कृति स्वतःच उलगडून सांगितली. काचेच्या दृष्टीनें हें चित्र सर्वांत बनावट. परंतु रूपक म्हणून पुढें ठेवलेल्या या चित्रानें कोणाचीहि फसवणूक केली नाहीं.

याच्या उलट रॉजर फेंटनच्या दोन काचा. क्रिमियाच्या युद्धांत १८५५ च्या एप्रिलांत त्यानें सेबास्तोपोलनजीकच्या एका घळीचें चित्र एकाच जागेवरून दोनदां घेतलें. एकांत तोफेचे गोळे रस्त्याकडेच्या चरांत आहेत. दुसऱ्यांत ते रस्त्यावर विखुरलेले आहेत. प्रसिद्धि पावलें तें दुसरें. गोळे मुद्दाम मांडले, असें सूझन सोंटाग यांनीं २००३ सालीं लिहिलें. तर शिपाई पुन्हां वापरण्यासाठीं गोळे उचलून नेत असल्यानें रस्ता मागाहून मोकळा झाला, असा दुसरा पक्ष होता. २००७ सालीं एरल मॉरिस यांच्या शोधांत वादाचा निकाल उतारावरील लहान दगडांनीं लावला. गोळे असलेल्या चित्रांत तेच दगड किंचित् खालीं घसरलेले दिसतात, आणि दगड आपोआप चढण चढत नाहींत. म्हणून मोकळा रस्ता आधींचा. गोळे कोणीं व कोणत्या हेतूनें हलविले, हें मात्र दगड सांगत नाहींत. तितकें अनुमान राखूनच ठेवलें पाहिजे. दोन्ही काचा अस्सल असूनहि एका रस्त्याच्या दोन हकीकती झाल्या, एवढें खास.

तिसरें उदाहरण आपल्या देशांतील असून अधिक दारुण आहे. लखनौच्या सिकंदरबागेंत १६ नोव्हेंबर १८५७ रोजीं ९३ वी हायलॅंडर पलटण व चौथी पंजाब पलटण यांनीं सुमारें दोन हजार शिपाई कापून काढले. फेलिस बियाटो याच्या प्रसिद्ध चित्रांत भग्न इमारतीपुढें माणसांचीं हाडें पसरलेलीं असून जवळ कांहीं हिंदी मनुष्यें उभीं आहेत. चित्राचें नांव नोव्हेंबरच्या हल्ल्याचा निर्देश करतें. परंतु बियाटो कलकत्त्यास उतरला तो १८५८ च्या फेब्रुवारींत, आणि लखनौ इंग्रजांच्या हातीं पुरतें आलें तें मार्चांत. म्हणजे कत्तल आणि काच यांमध्यें चार महिन्यांहून अधिक अंतर आहे. त्यावेळीं लखनौस मुलकी अधिकारी असलेल्या सर जॉर्ज कॅंबेल यांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, झांकलेलीं प्रेतें छायाचित्रकारानें आग्रहानें पुन्हां उघडविलीं, असें नमूद केलें आहे. हा पुरावा उशिरांचा असला तरी जाणत्याचा आहे. येथेंहि मर्यादा संभाळावी : हाडें उघडविलीं, एवढेंच कॅंबेल सांगतात, दुसरीकडून आणलीं, असें सांगत नाहींत.

तरीहि या चित्रास खोटें म्हणून टाकून देणें ही दुसरी चूक होईल. कत्तल खरी, हाडें खरीं, जागा खरी. खोटा आहे तो क्षण. लढाईची साक्ष म्हणून हें चित्र लंगडें पडतें. परंतु जेत्यांस पराजितांचीं प्रेतें कशा रीतीनें दाखवावींशीं वाटलीं, याचा त्याहून बळकट पुरावा क्वचितच मिळेल. ज्यांचीं हाडें उघडीं पडलीं त्या शिपायांचीं नांवें चित्राखालीं नाहींत. मारणाऱ्या पलटणींचीं आहेत.

तात्पर्य, लबाडी काचा जोडण्यांत नसून चित्रासाठीं केलेल्या दाव्यांत असते. १७७६ सालीं देहान्त शासन पावलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाचा देह कांहीं खोटा नव्हता. त्यानें धारण केलेलें नांव खोटें होतें. छायाचित्राचेंहि तसेंच आहे. भिंगावांचून चित्रें उत्पन्न करणाऱ्या यंत्रांच्या आजच्या काळांत लोक केवळ काच तपासण्याच्या मागें लागले आहेत. पण ती तपासणी पहिल्या प्रश्नापुरतीच आहे. इतिहासग्रंथांत छायाचित्र छापणारांनीं निदान एवढें करावें कीं, त्याखालीं घटनेची मिति व काच घेतल्याची मिति अशा दोन मित्या द्याव्या. सिकंदरबागेच्या चित्राखालीं त्या दिल्या, तर वाचकास पुढचा प्रश्न आपोआप सुचेल.